पार्श्वभूमी : जुना टायर, त्याचे तेल आणि आयातीची एक अट

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात टायरपासून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात जानेवारी 2025 मध्ये स्फोट झाला आणि त्यात दोन महिला व दोन बालके मृत्युमुखी पडली. त्या ठिकाणी युरोपातून आलेल्या टायरवर प्रक्रिया होत होती, असे दोन महिन्यांनी प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी शोधवृत्तात नमूद झाले. त्याआधीच स्थानिक प्रशासनाने तालुक्यातील असे सात कारखाने बंद केले होते. तेल काढण्यासाठी परदेशातून टाकाऊ टायर आणण्यास भारतात जुलै 2022 पासूनच मनाई आहे. मनाई असलेला माल भट्टीपर्यंत कसा पोहोचतो, हे समजण्यासाठी त्या मनाईची शब्दरचना आणि तिच्या मागचा प्रवास पाहावा लागतो.

मूळ अडचण रसायनशास्त्राची आहे. रबर गंधकासह तापवल्यास ते टिकाऊ होते, हा शोध 1839 मध्ये अमेरिकेत लागला. मात्र या क्रियेत रबराचे रेणू एकमेकांशी असे जखडले जातात की ते पुन्हा वितळवून नव्या साच्यात ओतता येत नाही. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसाच हा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाफ, आम्ल आणि अल्कली वापरून हे बंध सैल करण्याचे उद्योग सुरू झाले आणि त्यातून मिळणाऱ्या ‘रिक्लेम’ रबराला, नैसर्गिक रबर महाग होते तोवर, चांगली मागणी राहिली. दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या ताब्यात जाऊ लागल्यावर अमेरिकेने 1942 मध्ये टायरचे रेशनिंग केले आणि भंगार रबर गोळा करण्याची मोहीम चालवली. युद्धानंतर कृत्रिम रबर स्वस्त झाले, टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे आले आणि रिक्लेमचे महत्त्व घटत गेले.

आपल्याकडे जुना टायर बराच काळ ‘कचरा’ नव्हताच. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून, म्हणजे रिमोल्ड करून, तो ट्रकच्या मागच्या चाकांना पुन्हा लागत असे. त्यातूनही उतरला की चपलेचा तळ, बांधकामावरचे रबरी घमेले किंवा पत्र्याच्या छपरावरचे वजन, अशी त्याची पुढची आयुष्ये ठरलेली असत. ऊसतोडीच्या मुकादमांच्या भाषेत ‘टायरगाडी’, म्हणजे टायरची चाके लावलेली बैलगाडी, हा शब्द आजही चालतो. या साखळीला पहिला धक्का रेडियल टायरने दिला. नायलॉनच्या धाग्यांचा जुना टायर रापीने कापता येत असे, पोलादी पट्ट्याचा रेडियल तसा कापला जात नाही. हाताने काम करणाऱ्याच्या हातातून टायर निसटला आणि यंत्राकडे गेला, ही गोष्ट धोरणविषयक दस्तऐवजांत फारशी आढळत नाही. उरलेला माल वीटभट्ट्यांत आणि गुऱ्हाळांच्या चुलाणात जाळला जात असल्याच्या तक्रारीही जुन्याच आहेत.

रस्त्यांमध्ये टायरचा चुरा मिसळण्याचा मार्ग तुलनेने सरळ होता. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात 1960 च्या दशकात त्याचे प्रयोग झाले. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 1991 मध्ये हा वापर सक्तीचा करण्यात आला आणि 1995 मध्ये ती सक्ती मागे घेण्यात आली. भारतात रबर मिसळलेल्या डांबराचे मानक 2004 मध्ये आले.

युरोपात मात्र वेगळी घडामोड सुरू होती आणि वाड्यातील भट्टीचा धागा तिथे जाऊन मिळतो. युरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशाने अख्खे टायर जमिनीत पुरण्यावर 2003 पासून, तर तुकडे पुरण्यावर 2006 पासून बंदी घातली. पुरायचे नाही आणि स्वतःच्या देशात चुरा करणे खर्चिक, अशा स्थितीत दाबून बांधलेले टायरचे गठ्ठे कंटेनरमध्ये भरून पूर्वेकडे पाठवणे परवडू लागले. धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीसंबंधीच्या 1989 च्या बाझल करारात पुनर्प्राप्तीसाठी, म्हणजे त्यातून उपयोगी काही परत मिळवण्यासाठी, जाणारा टायर सामान्यतः बिनधोक गटात मोडतो, त्यामुळे कागदपत्रांचा भारही हलका असतो. भारताच्या 2016 च्या नियमांनी थेट वापरासाठी जुने टायर आणण्यास मनाई केली आणि पुनर्प्रक्रियेसाठी आणण्यास वाट ठेवली. प्रश्न ‘पुनर्प्रक्रिया’ या शब्दाचा होता.

या एका शब्दाखाली तीन अगदी भिन्न कामे येतात. टायर दळून त्याचा चुरा करणे हे एक. त्या चुऱ्याला उष्णता, दाब आणि रसायने देऊन रिक्लेम रबर करणे हे दुसरे. आणि प्राणवायूविना सुमारे 400 ते 500 अंश सेल्सिअसला तापवून तेल काढणे, म्हणजेच पायरोलिसिस, हे तिसरे. पहिल्या दोहोंत रबर रबरच राहते. तिसऱ्यात ते उरत नाही. वजनाच्या साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के तेल, सुमारे एक तृतीयांश काजळीयुक्त कोळसा, थोडी तार आणि वायू हाती लागतो. तेल बहुतांशी औद्योगिक भट्ट्यांमध्ये इंधन म्हणून जळते. अशा कामाला पुनर्प्रक्रिया म्हणावे की लांबणीवर टाकलेले ज्वलन, हा वाद जगभर आहे. शिवाय आपल्याकडील बहुतेक भट्ट्या ‘बॅच’ पद्धतीच्या: ड्रम भरायचा, तापवायचा, थंड होऊ द्यायचा आणि दार उघडून काजळी बाहेर काढायची. थंड होण्याची वाट न पाहता दार उघडले, की आत उरलेला वायू आणि तप्त काजळी हवेशी भिडते.

हा विषय 2019 मध्ये पर्यावरणविषयक न्यायाधिकरणापुढे आला, तेव्हा देशात दररोज सुमारे 2 लाख 75 हजार टायर टाकून दिले जातात, असा आकडा पुढे आला. नियामकांच्या पाहणीत 19 राज्यांतील 637 परवानाधारक तेल-कारखान्यांपैकी 251 नियम पाळणारे, 270 न पाळणारे आणि 116 बंद आढळले. विनापरवाना कारखाने या मोजणीबाहेरचे.

त्यानंतरचा 2022 चा निर्णय वादग्रस्त ठरतो. धोकादायक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन टायर-उत्पादक आणि आयातदारांवर विस्तारित जबाबदारी आली, म्हणजे आधीच्या उत्पादनाच्या ठरावीक हिश्शाइतक्या टाकाऊ टायरवर प्रक्रिया झाल्याचे दाखवायचे: 2022-23 मध्ये 2020-21 च्या उत्पादनाच्या 35 टक्के, पुढच्या वर्षी 70 टक्के आणि 2024-25 पासून 100 टक्के. उत्पादकाने स्वतः टायर गोळा करायचे नाहीत. नोंदणीकृत प्रक्रियादाराकडून प्रमाणपत्रे विकत घ्यायची. ही प्रमाणपत्रे रिक्लेम रबर, चुरा, रबरमिश्रित डांबर आणि कार्बन ब्लॅक (टायरमधून परत मिळवलेली काजळी) यांना मिळतात, तशीच पायरोलिसिसच्या तेलालाही मिळतात. त्याच नियमांत परदेशी टायरपासून तेल काढण्यास मनाई आहे. म्हणजे भट्टी वैध, तेल वैध, देशी टायर वैध, परदेशी टायरही चुरा करण्यासाठी वैध. अवैध आहे तो फक्त परदेशी टायर आणि भट्टी यांचा संयोग. नियमाने वस्तू अडवली नाही, हेतू अडवला.

या रचनेचे समर्थन करणारे म्हणतात, आणि ते पूर्णतः चूक नाही, की सर्वच भट्ट्या एकदम बंद केल्या असत्या तर देशातले टायर उघड्यावर जळाले असते, आणि रिक्लेम उद्योगाला लागणारा, नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त असलेला ट्रकचा टायर आयातीतूनही मिळायला हवा. परंतु बंदरात उतरलेल्या गठ्ठ्यावर हेतू लिहिलेला नसतो. मुंद्र्याला उतरलेला टायर चुऱ्याच्या कारखान्याच्या नावाने आला, तरी तिथून तो ट्रकने कुठे गेला हे तपासण्याची जबाबदारी राज्यांच्या यंत्रणांवर येते, आणि विनापरवाना भट्टी त्यांच्या नोंदीतच नसते. रिमोल्ड करणाऱ्याला याच नियमांत मिळाली ती उत्पादकाची जबाबदारी एक वर्ष पुढे ढकलणारी सवलत. टायर टायर म्हणूनच आणखी हजारो किलोमीटर चालवणाऱ्याला तेल काढणाऱ्यापेक्षा दुय्यम स्थान मिळावे, हे खटकते.

निर्यातदार देशांनी निवडलेले मार्गही सारखे नाहीत. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2021 पासून अख्ख्या टायरच्या गठ्ठ्यांची निर्यात थांबवली. इंधनासाठी पाठवायचा टायरही आधी 150 मिलिमीटरपेक्षा मोठा नसलेल्या तुकड्यांत कापावा लागतो. तिथे अट टायरच्या आकारावर असल्याने ती बंदरावर डोळ्यांनी तपासता येते. ब्रिटनमधून मात्र त्यानंतरही अख्ख्या टायरचे गठ्ठे भारताकडे निघत राहिले, आणि 2025 च्या शोधवृत्ताने ज्या गठ्ठ्यांचा माग काढला ते याच प्रकारचे होते.