रमजान-ईदची घरसजावट: पैसा तारेत घाला, कागदात वाचवा

सजावटीचं सामान घ्यायला आलं की बहुतेकांचा हात आधी चमकीकडे आणि तयार चांद-ताऱ्यांकडे जातो. वायर, होल्डर, टेप शेवटी, उरलेल्या पैशात. दुकानदार म्हणून आमचा सल्ला नेमका उलटा आहे. कागदाचं, कापडाचं, पुठ्ठ्याचं घरी होतं. विजेचं सामान मात्र चांगलंच घ्या.

सफेदी शबे-बरातच्या आधी

शबे-बरातनंतर रमजानला पंधरवडाच उरतो. शिडीवर चढायची कामं त्याआधी उरकावीत. रोजा धरून, दुपारच्या उन्हात भिंत घासणं कोणालाच जमत नाही.

१ किलो कळीचा चुना, ५ लिटर पाणी. चुना पाण्यात थोडा थोडा सोडा, आणि तोही लोखंडी डब्यात. कळी फुटताना पाणी उकळतं, प्लास्टिकची बादली वाकते आणि शिंतोडे डोळ्यात गेले तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पोरांना लांब ठेवा. डोळ्यात गेलंच तर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखान्यात न्या. एक दिवस-रात्र भिजू द्या, कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला २० ग्रॅम डिंक आणि किंचित नीळ घाला. भिंत ओली करून पातळ दोन हात द्या, पहिला उभा, दुसरा आडवा. घट्ट एक हात दिला तर पापुद्रे निघतात आणि पाठ टेकली की सदरा पांढरा होतो. ऑइलपेंटच्या भिंतीवर चुना धरतच नाही; तिथे नुसतं साबणाच्या पाण्याने पुसून घ्या.

हिरवी झाक हवी असेल तर चुन्यात चालणारा रंग मागून घ्या. होळीचा रंग बाजारात स्वस्त मिळतो, पण चुना त्याला खातो आणि भिंत फिकट, डागाळलेली दिसते.

चांद-ताऱ्याचा कंदील

बुरडाकडून बांबूच्या १८ इंची दहा कमच्या आणा. प्रत्येक कमचीवर दोन्ही टोकांकडून ७ इंचांवर खूण करा. मधे ४ इंच उरतात. पाच कमच्यांचा तारा मांडताना टोकं टोकांशी आणि खुणा खुणांशी जुळल्या की पाचही कोन आपोआप सारखे येतात. असे दोन तारे बांधा, एकमेकांवर ठेवा, पाचही टोकं सुतळीने आवळा. मग आतल्या पाच छेदांवर ४ इंची काड्या आडव्या बसवा, की तारा पोट काढून उभा राहतो. या आडव्या काड्यांना तुराट्या चालतात, शेतातून आणा. मुख्य चौकटीला मात्र तुराटी नको, गाठ आवळली की तडकते.

पतंगी कागदाचे २० इंच रुंद तीन ताव पुरतात: एक पुढे, एक मागे, एकाच्या बाजूच्या पट्ट्या. मागचा मधला पंचकोन उघडा ठेवा, बल्ब बदलायला हात तिथूनच जातो. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी आहे, त्या खळीचं भांडं परत चुलीवर चढवू नका.

चांद पुठ्ठ्याचा करा. ९ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा, मध्यबिंदू ३ इंच बाजूला सरकवून ७ इंच त्रिज्येचं दुसरं काढा आणि दुसऱ्याच्या आतला भाग कापून टाका. २ इंचच सरकवलं तर टोकं जुळतात आणि चांदाची बांगडी होते. पुठ्ठ्याचे दोन थर घ्या, एकाच्या नाळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. टांगताना टोकं वर किंवा डावीकडे. संध्याकाळचा नवा चांद पश्चिमेला तसाच दिसतो. उजवीकडे टोकं असलेला चांद पहाटेचा, महिना सरत आल्याचा. सांगायचं कारण, तयार मालात हा घोळ हमखास असतो.

थर्माकोलचा चांद आम्ही ठेवत नाही. सजावटीचा थर्माकोल आणि प्लास्टिकचे झेंडे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत.

लाइट

कंदिलात १ वॅटचा एलईडी बल्ब बस झाला. जुना झिरोचा बल्ब नावालाच झिरो, तापतो आणि कागद करपवतो. होल्डरला तांब्याची दोन पदरी ०.७५ चौरस मिमी वायर घ्या आणि होल्डरच्या टोपणाच्या आत वायरीला गाठ मारा. कंदिलाचं वजन सुतळीवर राहू द्या, वायरीवर नको.

वायर जोडायचीच वेळ आली तर दोन्ही जोड समोरासमोर येऊ देऊ नका. एक जोड दुसऱ्यापेक्षा २ इंच पुढे घ्या, प्रत्येकाला वेगळी टेप गुंडाळा, मग दोन्हींवर मिळून एक. टेप सुटली तरी तारा एकमेकींना भेटत नाहीत.

दिव्यांच्या माळेच्या, म्हणजे लडीच्या, बिलाची फार धास्ती नको. ८ वॅटची लड रोज ६ तास महिनाभर लावली तर १४४० वॅट-तास होतात, म्हणजे दीड युनिटही नाही. एवढ्यासाठी लाइनवर आकडा टाकणं वेडेपणा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली ती चोरी, आणि जीव जातो तो वेगळाच.

खरा धोका टिनाचा. लड पत्र्याच्या धारेवर टेकली की वाऱ्याने घासते, आवरण सोलतं आणि अख्ख्या टिनात करंट उतरतो. टिनाच्याच खांबाला कपडे वाळवायची लोखंडी तार बांधलेली असली तर सकाळी ओला कपडा टाकणाऱ्या बाईला शॉक बसतो. म्हणून लड नायलॉनच्या दोरीला बांधून पत्र्यापासून चार बोटं लांब ठेवा, खिळा आणि बायंडिंग तार वापरू नका. टिनाचं घर असेल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. कवेलूच्या घरात हा प्रश्न कमी, तिथे उंदरांकडे लक्ष ठेवा.

लडीचा एक तुकडाच विझला तर त्या तुकड्यातला एक दिवा गेलेला असतो, कारण तेवढे दिवे एकामागे एक जोडलेले असतात. चालू लडीत दाताने वायर सोलून जोडू नका. दुकानात घेऊन या.

आत काय लावावं, काय नको

नमाज पढता ती भिंत साधी ठेवा. आपल्याकडून किबला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. त्या बाजूला लुकलुकणारी लड किंवा बारीक नक्षीचा पडदा आला की लक्ष विचलित होतं. लड लावायचीच तर मागच्या भिंतीला, एकसारखी जळणारी. माणसा-जनावरांची चित्रं बहुतेक घरांत नकोच असतात, वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी घ्या.

आयत किंवा अल्लाहचं नाव छापलेल्या पताका घेऊ नका. सुटून पायदळी येतात, नंतर कचऱ्यातही टाकता येत नाहीत. लिहिलेलं लावायचंच तर एक चौकट, उंच, पावसापाण्यापासून आत. जुनं झालेलं मशिदीत विचारून द्या. साध्या पताका कापडाच्या करा: ८ इंच रुंद, मधे २ इंच जागा, म्हणजे १० फूट सुतळीला १२ लागतात. जुन्या ओढण्यांमधून सहज निघतात आणि पुढच्या वर्षीही चालतात. कागदी हिरवा आपल्याकडच्या उन्हात आठवडाभरात उतरतो.

जेवताना अंथरायच्या दस्तरख्वानाला मेणकापड बरं, शरबताचा डाग पुसला जातो. आठ जणांना २ मीटर लांब, १ मीटर रुंद पुरतं.

ईदनंतर

लड पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, धान्याच्या कोठीजवळ नको. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा. मिलादला, म्हणजे पैगंबर जयंतीला, हीच लड बाहेर लावायची असेल तर सध्या ते दिवस पावसाळ्याचे आहेत. पिन आणि जोड छपरीच्या आत ठेवा.

दुकानात येताना तीन मापं आणा: दाराची रुंदी, टांगायच्या जागेची उंची, तिथून बोर्डापर्यंतचं अंतर. जुनी लडही आणा, तपासून देतो. चांदरातीला मात्र नाही, त्या रात्री गर्दीत एकही लड नीट तपासली जात नाही.