पाण्याने आखलेली वाट

डोंगराळ मुलखाच्या नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात. त्या कागदावर दिसतात, जमिनीवर कुठेच दिसत नाहीत. याला एक ठळक अपवाद म्हणजे तळ्याचा काठ. साचलेले पाणी चहूकडे एकाच पातळीला टेकत असल्यामुळे तळ्याची कड ही प्रत्यक्ष जमिनीवर उमटलेली समोच्च रेषाच असते, आणि तिच्या बाजूने जाणारी पायवाट फारशी चढ-उतार न करता फिरून निघाल्या जागी परत येते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार ३ मैल, म्हणजे सुमारे ५ किलोमीटर, चालायला एक तास धरावा आणि दर २,००० फूट चढाईसाठी आणखी एक तास त्यात मिळवावा. तळ्याच्या प्रदक्षिणेत हा दुसरा तास जवळजवळ नाहीसाच होतो. चहूबाजूंनी उंच कडे असूनही लहान मुले आणि वयस्कर माणसे ही वाट आरामात चालू शकतात, ते त्यामुळेच.

अर्थात वाट सगळीकडे सारखी नसते. कुठे ती दगडांवरून उड्या मारत जाते, तर कुठे चिखल टाळण्यासाठी फळ्यांच्या पुलावर चढते. हे फरक समजून घेतले की तळे कसे बनले तेही कळू लागते.

बहुतेक वाटा तळ्याच्या मुखाशी, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या टोकाला, सुरू होतात, कारण खालच्या दरीतून येणारा रस्ता तिथेच पोहोचतो. डोंगरातली पुष्कळ तळी हिमनद्यांनी कोरलेली आहेत. साधारण २०,००० वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना हिमनद्यांनी कड्यांच्या पायथ्याशी वाडग्यासारखे खळगे खणले, त्यांना हिमगव्हर म्हणतात. खणलेले दगडगोटे हिमनदीने पुढे नेऊन आपल्या टोकाशी टाकले, तो ढीग म्हणजे हिमोढ. बर्फ वितळल्यावर खळग्यात पाणी भरले आणि पुष्कळ ठिकाणी याच ढिगाने त्याला बांध घातला. मुखाजवळ वाट ज्या बुटक्या टेकाडावरून जाते ते टेकाड बहुधा हेच असते. नावावर मात्र फार भरवसा ठेवू नये. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या मोरेन लेकचे नाव हिमोढावरून पडले, पण तिथला बांध बहुतांशी कड्यावरून कोसळलेल्या दरडीचा असावा, असे आता मानले जाते.

पाण्याची पातळी ठरते ती मुखाच्या उंबरठ्यावर. वाहत्या पाण्याने हा उंबरठा झिजवला की तळे थोडे खाली उतरते आणि जुना काठ एखाद्या अरुंद ओट्यासारखा कोरडा उरतो. वाट पाडणाऱ्यांना असे ओटे आयतेच मिळतात.

मुखाकडून निघून कडेने चालू लागल्यावर सकाळच्या निवांत वेळी तळ्यात डोंगराचे प्रतिबिंब दिसते, आणि इथे क्षणभर थांबून पायांपुढचे पाणी आणि दूरचे पाणी यांची तुलना करून पाहावी. सरळ खाली पाहिले तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणून तळाचे गोटे एकेक मोजता येतात. काठावर उभ्या माणसापासून सुमारे १८ मीटरच्या पलीकडे नजर पाण्यावर इतकी तिरपी पडते की निम्म्याहून अधिक प्रकाश परावर्तित झालेला असतो, आणि तिथे तळ्याचा आरसा होतो. या दोहोंच्या मध्ये, साधारण दोन मीटरवर, म्हणजे नजरेचा उभ्या रेषेशी ५३ अंशांचा कोन होतो तिथे, आणखी एक गंमत असते. या कोनात परावर्तित झालेला प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होतात, आणि ध्रुवण करणाऱ्या काचेचा चष्मा तो जवळजवळ पुसून टाकतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये युरोपातून बोटीने परतताना निकोल लोलक, म्हणजे ध्रुवण करणारा स्फटिक, वापरून समुद्राच्या पाण्यावरील आकाशाचे प्रतिबिंब असेच वगळले होते. तरीही पाणी निळेच दिसले, आणि हा रंग आकाशाकडून उसना घेतलेला नसून पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणातून, म्हणजे विखुरण्यातून, आलेला आहे, असे त्यांनी दाखवले.

मग काही तळी निळीशार न दिसता दुधाळ हिरवट-निळी का दिसतात? त्याचे उत्तर वाटेच्या वरच्या टोकाला, ओढा तळ्यात शिरतो तिथे मिळते. वर अजून हिमनदी शिल्लक असेल तर ती खडक दळत असते आणि त्याचे पीठ ओढ्यातून खाली येते. पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि हे बारीक कण उरलेला निळा-हिरवा भाग चहूकडे विखुरतात. ओढ्याचा वेग तळ्यात शिरताच मंदावतो, त्यामुळे गोटे आणि वाळू तोंडाशीच पडून एक छोटा त्रिभुज प्रदेश तयार होतो. वाट इथेच सर्वांत सपाट आणि सर्वांत चिखलाची असते. फळ्यांचे पूल असतात तेही इथेच, आणि ते केवळ बूट कोरडे राहावेत म्हणून घातलेले नसतात. भिजलेली माती पायांखाली दबली की तिच्यातली पोकळी नाहीशी होते, रोपे मरतात, लोक चिखल टाळून बाजूने चालू लागतात आणि एका वाटेच्या चार वाटा होतात.

पीठ मात्र तोंडाशी थांबत नाही. दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन सहस्रांश, जाडीचा कण थंड आणि स्थिर पाण्यात दिवसाला अवघा २० सेंटिमीटरच्या आसपास खाली जातो, म्हणजे २० मीटर खोल तळ्याचा तळ गाठायला त्याला तीनेक महिने लागतात. हिवाळ्यात पृष्ठभाग गोठून पाणी निश्चल झाले की सर्वांत बारीक गाळ बसतो, तर उन्हाळ्यात त्यावर जाडसर गाळाचा थर चढतो. स्वीडनचे भूवैज्ञानिक गेरार्ड डी गीर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे वार्षिक थर झाडाच्या वर्तुळांसारखे मोजून बर्फ मागे हटल्याचा काळ ठरवायला सुरुवात केली.

कड्याखालची बाजू ही या वाटेवरची एकमेव खडतर जागा म्हणता येईल. भेगांतले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि खडकाचे तुकडे सुटे करते. घरंगळताना मोठे दगड सर्वांत लांब जातात, म्हणून ते उताराच्या तळाशी, नेमके वाटेवर, येऊन बसतात. एखाद्या दगडावर हिरवट-पिवळ्या दगडफुलाचे मोठे ठिपके असतील तर तो बऱ्याच काळापासून हललेला नाही, कारण ही वाढ वर्षाला एक मिलिमीटरही नसते. ताज्या, स्वच्छ कडांचे दगड जिथे जास्त दिसतील तिथे डबा उघडून बसू नये.

परतीच्या बाजूला वारा सुटलेला असतो, कारण उन्हाने तापलेल्या उतारांवरची हवा वर चढू लागते आणि दरीतली हवा तिच्या जागी येते. वारा पाणी एका टोकाला ढकलतो आणि तो थांबला की सगळे तळे परातीतल्या पाण्यासारखे हेलकावते. स्वित्झर्लंडचे फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरातल्या या हेलकाव्यांचा एकोणिसाव्या शतकात बारकाईने अभ्यास केला. तिथे एका हेलकाव्याला सव्वा तासाच्या आसपास लागतो, तर एक किलोमीटर लांब आणि २० मीटर खोल तळ्यात तो अडीच मिनिटांच्या आत पुरा होतो. काठावरचा एखादा दगड नेमाने भिजतो आणि कोरडा पडतो, तेवढाच हा हेलकावा डोळ्यांना दिसतो.

प्रदक्षिणा संपते तिथे, म्हणजे मुखाशी, एक बाटली पाणी भरून घ्यावे आणि ओढ्याच्या तोंडाशी आधी भरलेल्या बाटलीशेजारी ती ठेवावी. वरची बाटली गढूळ असते, खालची बरीच नितळ. मधले पीठ तळ्यातच राहिलेले असते आणि तेवढ्यापुरते तळे उथळ झालेले असते.