सावकाश बदलणाऱ्या पदार्थातून प्रकाशाचे वर्धन

उभ्याने झोका घेणारी व्यक्ती एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा गुडघे वाकवून ताठ होते आणि बाहेरून कोणी ढकलत नसतानाही झोका चढत जातो. पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाश किती संथ होतो याचे माप, प्रकाशाच्या वारंवारतेच्या दुप्पट गतीने कमीजास्त केला, तर त्यातला प्रकाशही असाच बळावतो. अडचण आकड्याची आहे. हिरवा प्रकाश सेकंदाला सुमारे 540 लाख कोटी कंपने करतो. त्याच्या दुप्पट चपळाई कोणत्याही विद्युत-मंडलाच्या आवाक्याबाहेरची आहे.

या अडचणीतून निघणारी एक वाट गॅलिफी, हुइडोब्रो आणि पेंड्री या भौतिकशास्त्रज्ञांनी 2019 मध्ये सैद्धांतिक रीतीने मांडली. सगळा पदार्थ एकदम न बदलता अपवर्तनांकाची लहरच त्यातून प्रकाशाच्या वेगाने धावती ठेवायची. येथे संथ असते ती केवळ लहरीची वारंवारता. समजा, ती सेकंदाला 1,000 कोटी आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणून लहरीची लांबी 2 सेंटिमीटर भरते आणि तेवढ्या जागेत हिरव्या प्रकाशाचे सुमारे 54,000 तरंग मावतात.

या लहरीवर एक जागा अशी असते की तिच्या मागे अपवर्तनांक सरासरीपेक्षा कमी आणि पुढे जास्त असतो. मागचा प्रकाश वेगाने येऊन तिला गाठतो, पुढचा रेंगाळत तिच्याकडे मागे सरतो, आणि लहर सोबतच धावत असल्यामुळे ही दाटी वाढतच जाते. परावर्तन टाळले, तर तरंगांची संख्या तीच राहून प्रत्येक तरंग आखडतो, म्हणजेच त्याची वारंवारता वाढते. लेसरमध्ये नवे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जन्मतात. येथे फोटॉन तेवढेच राहतात, पण प्रत्येकाची ऊर्जा वाढते. याला वर्धन म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर नाही. मात्र ऊर्जा खरोखरच वाढते आणि ती लहर चालवणाऱ्या स्रोताकडून येते.

प्रत्यक्षात घोडे अडते ते पदार्थापाशी. विद्युतक्षेत्राने अपवर्तनांकात साधारण दहा हजारात एक भाग एवढाच बदल झाला, तर वरच्या उदाहरणात, दाटीच्या जागी प्रत्येक फोटॉनची ऊर्जा पावणेतीनपट व्हायला ढोबळमानाने 30 मीटर अंतर लागते. त्यातच काचेतला प्रकाशाचा वेग रंगागणिक वेगळा असतो. त्यामुळे वारंवारता चढलेला प्रकाश मागे पडू लागतो आणि ज्या लहरीने त्याला बळ दिले, तिच्यावरूनच निसटतो.