एकाच मतपत्रिकेवरचे दोन सामने: कुठला उपांत्य, कुठला अंतिम?

२०२२च्या मे महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. टपालानं आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरून ती बसली होती. "अगं, गव्हर्नरसाठीच सव्वीस नावं आहेत. एवढी वाचायची कधी आणि ठरवायचं कधी? राहू दे, खरी निवडणूक नोव्हेंबरमध्येच आहे ना!"

कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींकडून हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात मी स्वतः फसले आहे. नागरिकत्व मिळाल्यानंतरच्या माझ्या पहिल्या प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या आधी होणाऱ्या प्राथमिक फेरीत, मी गव्हर्नर, सिनेट वगैरे ओळखीचे रकाने भरले आणि खालचा न्यायाधीशाचा रकाना कोरा सोडला. नोव्हेंबरमध्ये सवडीनं बघू, असं मनाशी ठरवलं होतं. नोव्हेंबरची मतपत्रिका उघडली, तर ती जागा त्यावर नव्हतीच. तिचा निकाल जूनमध्येच लागून गेला होता.

प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दोन वेगळ्या निवडणुका शेजारी शेजारी छापलेल्या असतात. दोन्हींच्या डोक्यावर 'एकाला मत द्या' असंच लिहिलेलं असतं, आणि दोन्हीकडे नावापुढचा गोल त्याच पेनानं भरायचा असतो. नियम मात्र वेगळे आहेत.

पहिली निवडणूक 'टॉप टू'ची. २०१०मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १४ हा थेट त्यांच्यासमोर मतदानाला आलेला प्रस्ताव मंजूर केला आणि २०१२पासून राज्यभर हा नियम लागू झाला. गव्हर्नर, अॅटर्नी जनरल, राज्याचं विधिमंडळ, वॉशिंग्टनची काँग्रेस, सिनेट या पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत येतात. तुमची नोंदणी कुठल्याही पक्षात असो वा नसो, यादी तीच. पहिले दोन नोव्हेंबरमध्ये जातात, मग ते एकाच पक्षाचे असले तरी चालतं. (राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी यात येत नाही. ती पक्षापक्षाची असते आणि तिच्या वर्षी सगळी प्रायमरीच मार्चमध्ये होते.) हा खराखुरा उपांत्य सामना आहे. २०२२च्या जूनमध्ये त्या वेळचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांना निम्म्याहून जास्त मतं मिळाली, तरीही नोव्हेंबरमध्ये ब्रायन डाली यांच्याशी त्यांना लढावंच लागलं.

दुसरी निवडणूक पक्षनिरपेक्ष पदांची: काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश, काउंटीतली पदं, राज्याचे शिक्षण अधीक्षक. इथे प्रायमरीतच निम्म्याहून जास्त मतं मिळाली की विषय संपला. कुणालाच मिळाली नाहीत, तरच पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये जातात. त्याच २०२२मध्ये शिक्षण अधीक्षक टोनी थर्मंड सगळ्यांच्या पुढे होते, पण निम्म्याची रेषा ओलांडू शकले नाहीत, म्हणून त्यांना पुन्हा लढावं लागलं. न्यायाधीशाची जागा मतपत्रिकेवर आली, तर तिथे अनेकदा दोनच उमेदवार असतात, आणि दोघांत एकाला निम्म्याहून जास्त मतं मिळणारच. म्हणजे तो सामना अंतिमच असतो.

हे ओळखायचं कसं? नावाखालच्या ओळी बघा. पहिल्या प्रकारात उमेदवाराची पक्षपसंती आणि व्यवसाय अशी दोन्ही माहिती दिसते. दुसऱ्या प्रकारात पक्षाचा उल्लेखच नसतो, फक्त व्यवसाय असतो, तोही बहुधा तीन शब्दांत. पहिल्या प्रकाराबद्दल आणखी एक सांगायला हवं: 'पक्षपसंती' ही उमेदवारानं स्वतः सांगितलेली असते. पक्षानं त्याला उभं केलं आहे, असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे चिन्ह दिसलं की पक्षाचं तिकीट आलंच, त्यामुळे आपला डोळा इथे हमखास चकतो.

नियम वेगळा, म्हणून विचारही वेगळा करावा लागतो. उपांत्य सामन्यात 'मला कोण आवडतं' एवढं पुरत नाही, कारण मतं कशी विभागली जातील हेही बघावं लागतं. २०१२मध्ये सॅन बर्नार्डिनोकडच्या ३१व्या काँग्रेस मतदारसंघात काय झालं ते आठवा. मतदारसंघ डेमोक्रॅट्सकडे झुकलेला, पण उमेदवार चार डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन. चौघांत मतं वाटली गेली आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांसमोर दोन रिपब्लिकनच उरले. शिवाय या पदांसाठी नोव्हेंबरमध्ये बाहेरचं नाव लिहून मत देण्याची सोयही नसते.

दुसऱ्या जागेसाठी किती चुरस होऊ शकते, हे २०२४मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या १६व्या काँग्रेस मतदारसंघानं दाखवलं. अकरा उमेदवार होते. सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेवर एव्हन लो आणि जो सिमिटियन, दोघांनाही मतं बरोबर ३०,२४९. नियमानुसार तिघंही नोव्हेंबरमध्ये जाणार होते. मग फेरमोजणी झाली आणि सिमिटियन पाच मतांनी मागे पडले. पाच मतं म्हणजे एका घरातली माणसं!

न्यायाधीशाच्या रकान्यात असली गणितं करावी लागत नाहीत. दोनच नावं असतील तर जो योग्य वाटतो त्याला मत द्यायचं. अडचण असते ती माहितीची. चेहरे अनोळखी, पक्ष नाही, जाहिरातीही जवळपास नाहीत. पण घटस्फोट, मुलांचा ताबा, भाडेकरूचं घर खाली करणं, रस्त्यावरचं चलन हे सगळं याच न्यायाधीशांसमोर येतं. गव्हर्नरशी आपली गाठ आयुष्यात पडणार नाही, यांच्याशी पडू शकते. मुदतही सहा वर्षांची. मी व्यवसायाची ओळ वाचते, काउंटीच्या मतदार पुस्तिकेत उमेदवाराचं निवेदन असेल तर ते बघते, आणि वकील संघटनेचं मूल्यांकन मिळालं तर तेही. लॉस एंजेलिस काउंटीतली वकिलांची संघटना उमेदवारांना 'अपात्र'पासून 'अत्यंत सुपात्र'पर्यंत शेरे देते. अर्ध्या तासाचं काम आहे.

नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींची नावं दिसतात, त्यामुळे गोंधळात भर पडते. ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे आणि अपील न्यायालयाचे. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो, त्यांना ठेवायचं की नाही एवढंच 'हो' किंवा 'नाही'त सांगायचं असतं.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की सव्वीस नावं तूर्तास बाजूला ठेव, आधी कागद उलटा कर आणि ज्या नावांखाली पक्ष नाही तिथून सुरुवात कर. तासाभरानं तिचा पुन्हा फोन आला. दोन वकिलांबद्दल सगळं वाचून तिनं गोल भरला होता, आणि आता गव्हर्नरच्या यादीत आपल्या माणसाला दुसरी जागा मिळेल का, याची तिला काळजी लागली होती.