केटी ट्रेल

केटी ट्रेल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी राज्यात बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागेवर तयार केलेला खडीचा सायकलमार्ग व पायवाट. सेंट चार्ल्सच्या ईशान्येकडील मॅचेन्सपासून पश्चिमेस क्लिंटनपर्यंत लांबी सु. ३८६ किमी. (२४० मैल). मॅचेन्स ते बूनव्हिल हा मोठा भाग मिसूरी नदीच्या डाव्या तीराने जातो. बूनव्हिलला नदी ओलांडून मार्ग नैर्ऋत्येच्या शेतीप्रदेशात वळतो. संपूर्ण मार्गाला राज्य उद्यानाचा दर्जा आहे. नकाशावर उद्यान म्हणजे हिरवा ठिपका अशी सवय असलेल्यांना हे उद्यान दोऱ्यासारखे दिसते. देशातील सर्वांत लांब लोहमार्ग-पायवाट असा त्याचा लौकिक आहे. मात्र तो ‘विकसित’ व ‘सलग’ या विशेषणांसह घ्यावा, कारण नेब्रास्का राज्यातील काउबॉय ट्रेल ही तशीच पायवाट योजनेप्रमाणे पूर्ण झाल्यास अधिक लांब ठरेल.

मार्गावरील मैलदर्शक खांब रेल्वेच्याच मोजणीनुसार आहेत. त्यामुळे मॅचेन्सला आकडा शून्याऐवजी सत्तावीसच्या आसपास दिसतो आणि क्लिंटनला २६४ च्या पुढे जातो. शेवटच्या खांबावरचा आकडा हीच मार्गाची लांबी समजण्याची चूक त्यामुळे होते.

‘केटी’ हे नाव मिसूरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वेवरून आले, याबद्दल दुमत नाही. ते कसे आले याबद्दल आहे. कंपनी १८६५ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेची दक्षिण शाखा म्हणून स्थापन झाली. १८७० मध्ये तिने मिसूरी, कॅन्सस अँड टेक्सस हे नाव घेतले आणि १९२३ च्या पुनर्रचनेनंतर त्याला वरील रूप आले. एका मतानुसार ‘एम-के-टी’ या आद्याक्षरांतील शेवटची दोन बोलण्यात एकत्र आली. दुसऱ्या मतानुसार शेअर बाजारातील ‘के-टी’ हे सांकेतिक नाव रूढ झाले. टेक्ससमधील केटी या गावाच्या नावामागे कोणा स्त्रीचे नाव असल्याची कथा तिकडे सांगतात, पण तिचा या लोहमार्गाशी संबंध जोडण्यास आधार दिसत नाही. पहिले मत अधिक सरळ वाटते.

लोहमार्गाचा नदीकाठचा भाग १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बांधला गेला. सिडेलिया-बूनव्हिल भाग त्याहून जुना, बहुधा १८७० च्या दशकातील. सायकलस्वाराला जाणवणारा सपाटपणा याच काळातील अभियंत्यांची देणगी आहे. वाफेच्या इंजिनाला चढ परवडत नसे, म्हणून रूळ पूरमैदानाच्या कडेने, चुनखडकाच्या उभ्या कड्यांच्या पायथ्याशी टाकले. एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला शेत किंवा नदी हे दृश्य त्यामुळे कित्येक किलोमीटर बदलत नाही. नदी सोडल्यावर, विशेषतः बूनव्हिल ते सिडेलिया, चढउतार आहेत, पण तेही रेल्वेच्या मापाचे. रोशपोर्ट येथे कडा थेट नदीला भिडल्याने १८९२–९३ मध्ये सु. ७४ मी. (२४३ फूट) लांबीचा बोगदा खोदावा लागला. मार्गावरील हा एकमेव बोगदा होय.

या बांधकामाची किंमत पुरातत्त्वाने मोजली. ७ जून १८०४ रोजी पश्चिमेचा शोध घेण्यास निघालेली लुइस आणि क्लार्क यांची मोहीम रोशपोर्टजवळील मोनिटो ओढ्याच्या मुखाशी पोचली, तेव्हा तेथील कड्यांवर प्राण्यांची रंगीत चित्रे असल्याची आणि जागा खुळखुळ्या सापांनी भरलेली असल्याची नोंद क्लार्कने केली आहे. लोहमार्गासाठी केलेल्या सुरुंगकामात त्यांतील बहुतेक चित्रे नष्ट झाली असे मानले जाते. उरलेली काही पुसट चिन्हे आजही मार्गाच्या वर, उंचावर दिसतात.

ऑक्टोबर १९८६ च्या आरंभी आलेल्या पुरानंतर कंपनीने मॅचेन्स ते सिडेलिया वाहतूक थांबवली. येथून पुढचा इतिहास कायद्याचा आहे, आणि तो समजल्याशिवाय हा मार्ग अस्तित्वात कसा राहिला हे कळत नाही. अमेरिकेतील अनेक लोहमार्गांखालील जमीन कंपनीने खरेदीखताने घेतलेली नसून तीवर केवळ रेल्वेपुरता वहिवाटीचा हक्क असतो. रेल्वेने मार्ग कायमचा सोडला की हा हक्क संपतो आणि जमीन शेजारच्या शेतमालकाकडे निर्वेध जाते. १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट पद्धती कायद्यात १९८३ मध्ये केलेल्या दुरुस्तीने यावर तोड काढली. भविष्यात पुन्हा रूळ टाकता यावेत म्हणून पट्टा अखंड राखून ठेवावयाचा आणि मधल्या काळात त्याचा पायवाट म्हणून वापर करावयाचा. असा वापर म्हणजे मार्ग सोडून देणे नव्हे, असे कायदाच सांगतो. या व्यवस्थेला रेल-बँकिंग म्हणतात. तिच्या दृष्टीने केटी ट्रेल हा आजही झोपी गेलेला लोहमार्ग आहे.

मिसूरीतील अनेक जमीनमालकांना हे मान्य नव्हते. पायवाट ही खरी गरज, रेल्वेचे भवितव्य हा बहाणा, असा त्यांचा आक्षेप होता. व्हरमाँट राज्यातून आलेल्या प्रेसो विरुद्ध आंतरराज्य वाणिज्य आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९० मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्रानुसार पट्टा जपणे आणि पायवाटांना उत्तेजन देणे हे दोन्ही हेतू संसदेला एकाच वेळी ठेवता येतात. नुकसानभरपाईचा दावा करण्याची वाट मात्र न्यायालयाने मोकळी ठेवली, आणि मिसूरीतील जमीनमालकांच्या बाजूने केंद्रीय दावे न्यायालयाचा निकाल २००० मध्ये लागला. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर आक्षेपात तथ्य होते, पण त्याचा उपाय मार्ग बंद करणे हा नव्हता, असा अर्थ निघतो.

दरम्यान राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने पट्टा मिळवला होता. त्यासाठी व बांधणीसाठी शेअर दलाली व्यवसायातील एडवर्ड ‘टेड’ जोन्स व त्यांच्या पत्नी पॅट यांनी सु. २२ लाख डॉलर दिले. विस्कॉन्सिनमधील एलरॉय-स्पार्टा या १९६७ च्या लोहमार्ग-पायवाटेवरून त्यांना ही कल्पना सुचली असे म्हणतात. पहिला टप्पा एप्रिल १९९० मध्ये रोशपोर्ट येथे खुला झाला. टेड जोन्स त्याच वर्षी वारले. सिडेलिया-क्लिंटन हा सु. ५३ किमी.चा भाग, तोवर मूळ कंपनी ताब्यात घेतलेल्या युनियन पॅसिफिक रेल्वेने १९९१ मध्ये देऊ केला. मॅचेन्सकडील टोक २०११ मध्ये जोडले गेले.

रेल-बँकिंगची खरी कसोटी बूनव्हिलच्या पुलावर लागली. १९३२ मध्ये बांधलेल्या या पोलादी पुलाचा सु. १२४ मी. (४०८ फूट) लांबीचा मधला गाळा बोटींसाठी उभा वर उचलला जाई. पूल मोडून त्याचे पोलाद दुसरीकडे वापरण्याचा युनियन पॅसिफिकचा बेत होता. पूल गेला तर पट्टा तुटतो, आणि पट्टा तुटला तर तो ‘राखून ठेवला’ असे कसे म्हणावे, असा प्रश्न उभा राहिला. राज्याचा एक विभाग पुलावरील हक्क सोडण्यास तयार आणि राज्याचेच महाधिवक्ते त्याविरुद्ध न्यायालयात, असे चित्र काही वर्षे होते. अखेर २०१० मध्ये पूल शहराकडे आला व २०१६ मध्ये त्याचा काही भाग लोकांसाठी खुला झाला. मधला गाळा वर उचललेलाच आहे. सायकली शेजारच्या महामार्गाच्या पुलावरून नदी ओलांडतात.

पृष्ठभाग दाबून बसवलेल्या चुनखडकाच्या बारीक खडीचा व कचीचा आहे. आपल्याकडील मुरमाच्या रस्त्याची आठवण होते, पण साम्य वरवरचे आहे. मुरूम हा बहुधा कुजलेला बेसाल्ट असतो. चुनखडकाची कच ओली असताना दाबली की वाळल्यावर घट्ट धरते. म्हणून कोरड्या दिवसांत हा मार्ग जवळजवळ डांबरीसारखा चालतो. पावसानंतर, आणि त्याहून अधिक हिवाळ्याच्या शेवटी गोठलेली जमीन सुटू लागते तेव्हा, तो मऊ पडतो व चाकांच्या चाकोऱ्या उमटतात. पांढरी भुकटी साखळीत बसते. साधारणतः ३५ मिमी.च्या आसपासचे टायर सोयीचे ठरतात.

नदीचे शेजार फुकट मिळत नाही. १९९३ च्या महापुरात नव्याने बांधलेल्या मार्गाचा मोठा भाग वाहून गेला. २०१९ मध्येही काही टप्पे पाण्याखाली होते. याच काठावर १८१६ मध्ये वसलेले फ्रँकलिन हे गाव, जेथून १८२१ मध्ये विल्यम बेकनेल सांता फेकडे व्यापारासाठी निघाला, ते दशकभरातच नदीने गिळले. उंचावर हलवलेले न्यू फ्रँकलिन मार्गावर लागते.

मार्थसव्हिलजवळ सीमाप्रदेशातील प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून (मृत्यू १८२०) याची मूळ दफनभूमी आहे. १८४५ मध्ये त्याचे अवशेष केंटकीतील फ्रँकफर्टला नेले, पण तेव्हा चुकीची कबर उकरली असे मिसूरीत ठामपणे सांगितले जाते. दोन्ही राज्ये आपापली कबर खरी मानतात. डुट्सो व ऑगस्टा परिसरात जर्मन वस्ती आहे. जर्मन लेखक गॉटफ्रीड डुडेन १८२४ मध्ये येथे राहिला आणि त्याच्या पुस्तकामुळे जर्मनीतून स्थलांतराला वेग आला. ऑगस्टा हे १९८० मध्ये देशातील पहिले अधिकृत द्राक्षमद्य-क्षेत्र ठरले.

विंडसर येथे रॉक आयलंड या दुसऱ्या लोहमार्ग-पायवाटेचा २०१६ मध्ये खुला झालेला फाटा मिळतो व तो कॅन्सस सिटीच्या दिशेने प्लेझंट हिलपर्यंत जातो. राज्य उद्यान विभाग जूनमध्ये पाच दिवसांची सामूहिक सफर भरवतो. नदीपलीकडील जेफरसन सिटी, हर्मन व वॉशिंग्टन या स्थानकांवर, तसेच सिडेलिया येथे, अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेच्या गाडीत सायकल चढवता येते.