सीओपीडीचे निदान आणि ०.७० ची रेषा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छातीचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः क्षयाचा डॉक्टर. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागोमाग आलेल्या औषधांनी क्षयाची आरोग्यधामे ओस पडली, तेव्हा हे डॉक्टर दमा आणि जुनाट खोकल्याकडे वळले. फुंकलेली हवा मोजणारा स्पायरोमीटर १८४६ पासून होता, मोजका डोस देणारा इन्हेलर १९५६ मध्ये आला. १९८०-८१ च्या दोन चाचण्यांनंतर रक्तातला ऑक्सिजन फार खालावलेल्यांना दिवसाचे किमान १५ तास घरी ऑक्सिजन देणे रुळले.

खरा वाद २००१ चा. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या पहिल्या जागतिक मार्गदर्शिकेने ठरवले की श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेला एकूण फुंकलेल्या हवेने भागायचे; उत्तर ०.७० च्या खाली आले तर नळ्या अरुंद. वय कोणतेही असो, रेषा एकच. पण हे गुणोत्तर वयाबरोबर आपसूक उतरते. त्यामुळे कधीही विडी न ओढलेले, धाप न लागणारे ८० वर्षांचे आजोबा कागदावर रुग्ण ठरू शकतात आणि पंचविशीतला खरोखर दम लागणारा तरुण ०.७२ वर सुटतो. त्याऐवजी निरोगी समवयस्कांतील सर्वांत खालच्या ५ टक्क्यांची रेषा धरा, असे विरोधकांचे म्हणणे. समर्थकांची भिस्त सोपेपणावर होती. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात पुढे रुग्णालयात कोण दाखल होईल, कोण दगावेल हे सांगण्यात ०.७० कमी पडला नाही, हेही खरे. तरी चुकीच्या निदानाची किंमत त्यात दिसत नाही: विनाकारण स्टेरॉइडचा इन्हेलर वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि सीओपीडीत त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो हे २००७ पासून माहीत आहे.

शिवाय आकडा फुंकणाऱ्यावर अवलंबून. नाकाला चिमटा लावून "अजून, अजून" म्हणत फुंकायला लावले तरी थकलेला रुग्ण चौथ्या सेकंदाला थांबतो. एकूण हवा कमी भरते, गुणोत्तर फुगते आणि आजार झाकला जातो. म्हणून अनुभवी तज्ज्ञ आधी आलेख बघतो, मग आकडा.

तपासणीत आणखी एक गोष्ट सुटते. रुग्ण इन्हेलर आधी दाबतो, श्वास नंतर ओढतो, औषध घशातच बसते. मग डोस वाढवला जातो.

त्याच मार्गदर्शिकेच्या २०२५ च्या आवृत्तीने औषधाआधीच्या फुंकीचे गुणोत्तर ०.७० च्या वर असेल तर सहसा औषधानंतरची दुसरी फुंक नको, अशी सूट दिली. रेषा मात्र हलवली नाही.