छज्ज्याच्या सावलीचे मोजमाप

१९३० च्या दशकात मुंबईत भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेने, तसेच दादर-माटुंग्यातही, गोलसर कोपऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमुळे छज्जा खालच्या आधाराशिवाय भिंतीबाहेर काढता येत होता; तो खिडक्यांवरून सलग नेऊन कोपऱ्यावर वळवला, की साध्या राहत्या इमारतीलाही आगबोटीचा डौल येई. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलचा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. दादर-माटुंगा त्या सीमेबाहेर आहे, आणि पुनर्विकासात तिथल्या काही इमारतींचे केवळ छायाचित्रच मागे उरणार आहे. म्हणून ते मोजता येईल असेच काढले पाहिजे.

गच्ची चौकटीत यावी म्हणून कॅमेरा वर वळवला, की भिंतीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, कारण प्रतिमेचे प्रतल, म्हणजे कॅमेऱ्यात प्रतिमा उमटते तो सपाट पृष्ठभाग, भिंतीला समांतर राहत नाही. कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंग वर सरकवणारी शिफ्ट लेन्स वापरली, तर रेषा ओळंब्यात राहतात. पुढे कधी तेच छायाचित्र पुन्हा घेताना लेन्स बदलली तरी चालते, पण उभे राहण्याची जागा चुकवून चालत नाही. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्पर प्रमाण त्या जागेवरच ठरते.

छज्जा भिंतीपुढे किती आला आहे, ही माहिती मात्र सावली देते. सूर्य भिंतीच्या अगदी समोर, क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल, तर छज्जा जितका पुढे आलेला, तितकीच त्याची सावली भिंतीवर खाली उतरते. ६० अंशांवर ती सुमारे पावणेदोन पट होते. सूर्य बाजूला असला तरी छायाचित्राची तारीख आणि नेमकी वेळ नोंदलेली असल्यास हिशेब करता येतो. वळणदार कोपऱ्यावर तर भिंत सूर्यापासून दूर वळत जाते तशी सावलीची कड खाली घसरत जाते, आणि तिच्यावरून कोपऱ्याची गोलाईही ताडता येते. पावसाळी ढगाळ उजेड रंगांसाठी उत्तम असला, तरी त्यात हे सारे पुसले जाते. मी त्यापेक्षा हिवाळ्यातले स्वच्छ ऊन निवडतो.

समुद्राच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजतात, गंज फुगून काँक्रीटचे पोपडे पाडतो, आणि दुरुस्तीत कधी छज्जाच छाटला जातो. तो पूर्ववत बांधायचा ठरला, तर किती पुढे काढायचा, हे जुन्या छायाचित्रातल्या सावलीवरून काढता येते.